टेबलाकडे परत या: नागपुरात वेटरच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी

दिवाळी झाली की आमच्याकडे नवीन पोरं कामाला येतात. कोणी भंडाऱ्याकडचं, कोणी गडचिरोलीचं, कोणी छिंदवाडा-बालाघाटकडून हिंदी-मराठी मिसळून बोलणारं. लग्नसराई तोंडावर असते, डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागतं आणि वर्धा रोडपासून सदरपर्यंत सगळ्याच हॉटेलांना माणसं कमी पडतात. या पोरांना ताट उचलणं, जग भरणं, केओटी (किचनला द्यायची ऑर्डरची चिठ्ठी) लिहिणं आठ दिवसांत जमतं. मग एखाद्या रात्री शटर अर्धं खाली आल्यावर त्यातला एक जण हळूच विचारतो, "दादा, तुमच्या टेबलावर टिप पडते, माझ्या टेबलावर काहून पडत नाही जी?"

मी १४ वर्षं हे काम करतोय. सुरुवात इतवारीतल्या एका छोट्या भोजनालयात फडकं मारण्यापासून झाली, आता कॅप्टन आहे, म्हणजे हॉलमधल्या वेटरांचा मुख्य. या प्रश्नाचं उत्तर मी दरवर्षी तोंडी देतो, या वेळी लिहून काढतोय. उत्तर तसं लहान आहे. टेबलावर ताट आणून ठेवणं हे तुमचं काम आहे, त्याचा पगार मालक देतो. गिऱ्हाईक टिप ठेवतं ते तुम्ही न बोलावता परत आलात त्याबद्दल. ते परत येणं कुठे, कधी आणि कसं, एवढंच शिकायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टिपवर जगात बराच अभ्यास झाला आहे, आणि तो बहुतेक अमेरिकेतला आहे. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात मायकेल लिन नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी उभी कारकीर्द या एका विषयाला दिली. शिकत असताना ते स्वतः वेटर आणि बारटेंडर होते, म्हणून मला त्यांचं म्हणणं जवळचं वाटतं. पण तिथे बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देणं जवळपास बंधनकारक मानतात. टिप मिळणाऱ्या कामगाराचं तिथलं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवर अडकलेलं आहे, बाकीचं पोट टिपवर. आपल्याकडे टिप म्हणजे गिऱ्हाइकाची खुशी. कोणी १० ठेवतं, कोणी ५०, कोणी काहीच नाही. त्यामुळे पुढे तिकडचे आकडे आले तर ते जसेच्या तसे गोकुळपेठेत लावू नका. माणूस कशाने सुखावतो हे त्यातून कळतं, तेवढं घ्या.

रुजू होतानाच विचारायचं ते

पहिल्याच दिवशी कॅप्टनला विचारा: टिप ज्याच्या टेबलाची त्याची, की सगळी डब्यात? डब्यात असेल तर वाटणी रोज होते की आठवड्याला, आणि त्यात किचनची माणसं धरतात का? लाजू नका. हे नंतर विचारलं की भांडण होतं, आधी विचारलं की नियम समजतो.

दुसरं, बिलाची माहिती ठेवा. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. तो सरकारला जातो, आपल्याला नाही. सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट. हॉटेलने तो आपोआप बिलात लावू नये, असे दिशानिर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते कायम ठेवले. हे तुम्हाला माहीत पाहिजे, कारण कधी तरी एखादे काका बिलावर बोट ठेवून म्हणतात, "टॅक्समध्ये तुमचा पैसा आलाच की." तेव्हा तोंड वाकडं न करता सांगायचं, "काकाजी, हा जीएसटी आहे, सरकारचा." इथेच थांबायचं. "आमचा काही नाही त्यात" हे वाक्य पुढे जोडलं की ते मागणं होतं, आणि मागितलेली टिप दुसऱ्यांदा मिळत नाही.

पहिली पायरी: मेनूच्या आधी पाणी

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी दोनला दुपट्टा सोडत आत आलेली ताई, गाडीवरून उतरलेला माणूस, हातात लेकरू घेतलेली बाई, यांच्यापुढे आधी मेनू ठेवलात तर तुम्ही त्यांना पाहिलंच नाही. आधी पाणी. बसायला खुर्ची ओढेपर्यंत पाणी आलेलं असावं. ग्लास वरून न धरता खालून धरा, ओठ लागतो तिथे तुमची बोटं गेलेली नकोत. आणि पहिला ग्लास रिकामा झाला की बोलावण्याची वाट न पाहता परत भरा. उन्हातून आलेला माणूस पहिला ग्लास तहानेपोटी संपवतो, दुसरा सावकाश पितो. तो दुसरा ग्लास तुम्ही हून भरला की त्याचे खांदे सैल होतात. मी हे हजारदा पाहिलं आहे.

पाणी ठेवताना चेहऱ्याकडे बघा, थोडं हसा, स्वतःचं नाव सांगा. कॅलिफोर्नियात १९९० साली एक प्रयोग छापून आला. रविवारच्या नाश्त्याला एकच वेटर काही टेबलांवर स्वतःचं नाव सांगे, काहींवर सांगत नसे. नाव न सांगता टिप बिलाच्या १५ टक्के पडली, नाव सांगून २३ टक्के. आपल्याकडे "हॅलो, माय नेम इज" असलं पाठ केलेलं वाक्य चालत नाही, फोनवर कर्ज विकणाऱ्यासारखं वाटतं. "या, बसा जी. मी इथेच आहे, काही लागलं तर हाक मारा," आणि त्यातच नाव. नाव कळलं की माणूस "ए", "शुक शुक" करत नाही. टिप बाजूला ठेवा, नुसतं हे "शुक शुक" बंद झालं तरी दिवस बरा जातो.

एक सावधगिरी. कोणाला काय म्हणायचं हे टेबल पाहून ठरवा. वयस्क गृहस्थांना काकाजी, बाईंना काकू किंवा ताई, ऑफिसच्या कपड्यातल्या माणसाला सर किंवा साहेब. कॉलेजच्या पोरांना "भाऊ" म्हटलं की ते खूश. पण तिशीतल्या बाईला "मावशी" म्हणालात तर त्या टेबलावरची रात्र तिथेच संपली. शंका असली की "ताई".

दुसरी पायरी: ऑर्डर त्यांच्याच शब्दांत परत म्हणा

ही पायरी लक्ष देऊन शिका, कारण इथे एक पैसा खर्च नाही आणि फायदा दोन्हीकडून आहे.

नेदरलँड्समध्ये रिक व्हान बारेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग मांडला. वेट्रेसने काही टेबलांवर ऑर्डर घेताना नुसतं "हो, ठीक आहे" म्हणायचं, आणि काही टेबलांवर गिऱ्हाइकाने जे शब्द वापरले तेच शब्द तसेच परत म्हणायचे. ज्यांचे शब्द परत म्हटले त्यांनी जास्त टिप दिली. "समजलं" म्हणण्यापेक्षा "हे असं समजलं" हे ऐकवणं माणसाला बरं वाटतं.

नागपुरात तर याला आणखी एक कारण आहे. इथे एकाच पदार्थाला चार गावांची चार नावं चालतात. गिऱ्हाईक म्हणालं, "वरतून सांबार टाकू नका," आणि ऑर्डर घेणारा पोरगा पुण्याकडचा असला की तो गोंधळतो. त्याच्या डोक्यात इडलीबरोबरचं सांबार येतं. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका नव्या पोराने एका आजींना दुरुस्त केलं, "आजी, त्याला कोथिंबीर म्हणतात." आजी काही बोलल्या नाहीत. जेवल्या, उठल्या, गेल्या. त्यांची भाषा त्यांच्याच गावात चुकीची ठरवली आपण. म्हणून गिऱ्हाईक "आलू" म्हणालं तर तुम्हीही "आलू", "टमाटर" म्हणालं तर "टमाटर", आणि अधिवेशनाला आलेले मुंबईचे साहेब "कोथिंबीर" म्हणाले तर "कोथिंबीर". केओटीवर काय लिहायचं ते तुमचं आणि किचनचं.

परत म्हणताना घाई करू नका. "दोन ज्वारीची भाकर, एक झुणका, एक वांग्याची भाजी तर्री कमी, आणि आजोबांसाठी वरण साधं, मिरची नाही." या शेवटच्या तुकड्यावर आजोबांकडे बघा. मुलगा ऑर्डर देत असतो, सून मेनू चाळत असते, आणि ज्याच्यासाठी वरण सांगितलं तो माणूस कोपऱ्यात गप्प असतो. त्याच्याकडे पाहून "मिरची नाही" म्हटलं की आख्खं टेबल तुमच्या बाजूचं होतं.

आजोबांना ऐकू कमी येत असेल तर वरून ओरडू नका, थोडं वाका. लिन आणि मायनियर यांनी १९९३ मध्ये दाखवलं होतं की वेटर टेबलाशी उकिडवा बसून, गिऱ्हाइकाच्या डोळ्याच्या पातळीला येऊन बोलला तर टिप वाढते. आपल्या फॅमिली हॉलमध्ये असं उकिडवं बसलं तर विचित्र दिसेल आणि मागून ट्रे घेऊन येणारा अडखळून पडेल. कंबरेतून वाकणं पुरे. लहान लेकरांशी बोलताना मात्र मी खरंच खाली बसतो.

सावजीच्या, म्हणजे आपल्या नागपुरी झणझणीत जेवणाच्या ठिकाणी काम करत असाल तर अजून एक. बाहेरगावचं गिऱ्हाईक नाव ऐकून येतं, "एकदम तिखट आणा" म्हणतं आणि पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी येतं. मग ताट अर्धं राहतं, मन खट्टू होतं, आणि दोष हॉटेलवर येतो. त्याला आधीच विचारा, "पहिल्यांदा खाताय का? मग रस्सा वाटीत वेगळा आणतो, आधी चाखा." थोडासा रस्सा, सोबत लिंबाची फोड. चाखून "चालेल" म्हणाला तर जसा आहे तसा वाढा. ही वाटी फुकटची असते, पण तो घरी जाऊन सांगताना तिचीच गोष्ट सांगतो.

तिसरी पायरी: दोन घासांनंतर

ताटं लागली की नवा पोरगा सुटल्यासारखा भिंतीला टेकतो. काहींचा हात खिशातल्या फोनकडे जातो, काहींचा खर्ऱ्याकडे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीकडे. खर्ऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो: कामावर खर्रा नाही. तोंडात ऐवज धरून "काय आणू" विचारणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा लोकांना नको वाटतं. वास येतो, दात दिसतात, आणि बोलता येत नाही म्हणून तुम्ही टेबल टाळायला लागता.

ताटं लागल्यावर दोन घास होऊ द्या, मग परत जा. आधी नाही, कारण चव घेतलेली नसते. फार उशिरा नाही, कारण मीठ जास्त असेल तर तोवर त्यांनी निमूट खाऊन टाकलेलं असतं. विचारताना "सब ठीक?" असं चालता चालता फेकू नका, त्याला "हो" हे एकच उत्तर असतं. नेमकं विचारा. "वरणात मिरची नाही ना लागली, आजोबा?" "भाकरी मऊ आहे का?" मघाशी ऑर्डर परत म्हटली ती इथे कामाला येते.

पोळी-भाकरी हा आपल्याकडचा मोठा मामला आहे. पंगतीत वाढणारा जसा पानाकडे बघत फिरतो, तसं फिरा. पानातली पोळी संपून माणूस हात थांबवून बसला, याचा अर्थ तुम्ही उशीर केला. अर्धी उरली की विचारा. आणि गरम आली की ज्याने मागितली त्याच्याआधी एकदा त्या घरातल्या आईकडे बघा. ती सगळ्यांना वाढून स्वतः शेवटी जेवते, हॉटेलातसुद्धा लेकरांना भरवत बसते आणि तिची पोळी गार होते. "ताई, तुमच्यासाठी गरम आणली" म्हणून तिच्या ताटात ठेवा. हे मी कोणत्या प्रयोगात वाचलेलं नाही, माझ्या आईला जेवताना पाहून शिकलोय.

उशीर होणार असेल तर आधी सांगा. तंदूर भरलेला आहे, वीस मिनिटं लागतील, तर वीसच सांगा. "पाच मिनिटं" हा शब्द मी आमच्या पोरांना बंद केला आहे. वीस सांगून अठराव्या मिनिटाला आणलं तर गिऱ्हाईक खूश, पाच सांगून अठराव्याला आणलं तर तेच गिऱ्हाईक चिडलेलं. ताट तेच, वेळ तीच.

चौथी पायरी: बिल, बडीशेप आणि मागे वळणं

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एका रेस्टॉरंटमध्ये डेव्हिड स्ट्रोमेट्झ, ब्रूस रिंड आणि इतरांनी एक प्रयोग केला, तो २००२ साली छापून आला. बिलासोबत चॉकलेट द्यायचं, एवढंच. पण चार पद्धतींनी. काही टेबलांना काहीच दिलं नाही, तिथे टिप बिलाच्या साधारण १९ टक्के पडली. माणशी एक चॉकलेट दिलं तर १९.६. माणशी दोन दिली तर २१.६. चौथी पद्धत अशी की वेट्रेसने माणशी एक दिलं, जायला निघाली, आणि मग मागे वळून येऊन आणखी एकेक दिलं. तिथे टिप २३ टक्क्यांवर गेली.

हे नीट बघा. तिसऱ्या आणि चौथ्या पद्धतीत चॉकलेटं सारखीच होती, दोन-दोन. फरक फक्त वळून येण्याचा होता. एकदम दोन दिली तर ती हॉटेलची पद्धत वाटते. देऊन, जाऊन, परत येऊन दिलं तर ते या माणसाच्या मनात आलं असं वाटतं. (हा प्रयोग सांगताना "टिप २३ टक्क्यांनी वाढली" असं लोक सांगतात, ते चूक आहे. ती बिलाच्या १९ वरून २३ टक्क्यांवर गेली, म्हणजे वाढ साधारण पाचव्या हिश्शाची.)

आपल्याकडे चॉकलेटच्या जागी बडीशेप आहे, आणि ती सगळेच देतात. बिलाच्या फोल्डरवर बडीशेप-खडीसाखरेची वाटी आपटली की तुमचं काम झालं असं समजू नका. ती पहिली खेप. दुसऱ्या खेपेला काय न्यायचं हे टेबलावर बसलेल्या माणसांवरून ठरतं.

एक प्रसंग सांगतो. सहा जणांचं कुटुंब होतं, रविवारची रात्र. बडीशेप सगळ्यांनी घेतली, आजोबांनी वाटीत बोट फिरवलं, खडीसाखर बघितली आणि वाटी पुढे सरकवली. मी चार पावलं गेलो होतो. किचनमध्ये फळीवर साधी भाजलेली बडीशेप असते, मसाल्याची. ती एका वाटीत घेतली, परत आलो, आजोबांपुढे ठेवली. "ही बिनसाखरेची आहे जी." आजोबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. म्हणाले, "पाहिलं का?" एवढंच. फोल्डरमध्ये १०० रुपये होते, आणि ते आजोबांनी स्वतः ठेवलेले होते, बिल भरणाऱ्या मुलाने नाही. ते कुटुंब अजून येतं आणि माझ्याच सेक्शनला बसतं. तेव्हापासून आमच्या काउंटरवर बडीशेपेच्या दोन बरण्या आहेत.

लहान मूल असेल तर संत्र्याच्या फोडीच्या आकाराची ती गोळी, आपण सगळ्यांनी लहानपणी किराणा दुकानातल्या बरणीतून घेतलेली. आधी आईला विचारायचं, मग द्यायची, आणि मूल फार लहान असेल तर द्यायची नाही, गोळी घशात अडकते. पावसाळ्यात बाहेर गाडी लावलेल्या जोडप्याला एक कोरडं फडकं: "सीट भिजली असेल, पुसून घ्या." उन्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या बाटलीत गार पाणी भरून देणं. यातलं काहीच महाग नाही. मालकाची परवानगी मात्र घ्या. हॉटेलच्या मालातून आपली टिप कमावणं बरोबर नाही.

आणि आता माझी चूक, कारण ती तुम्हीही कराल. मला या चॉकलेटच्या प्रयोगाबद्दल कळलं तेव्हा मी खिशात गोळ्या भरल्या आणि प्रत्येक टेबलावर तेच सुरू केलं. एक द्यायची, चार पावलं जायचं, वळायचं, "खास तुमच्यासाठी अजून एक." चार दिवस टिप वाढली. पाचव्या दिवशी एका टेबलावर हे वाक्य बोललो आणि शेजारच्या टेबलावर वळून तेच बोललो. पहिल्या टेबलावरच्या बाईंनी ते ऐकलं. त्यांनी गोळी उचलून पुन्हा फोल्डरवर ठेवली, रागावून नाही, शांतपणे. मला आजही ती गोळी दिसते. मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो. तेव्हापासून "खास तुमच्यासाठी" हे शब्द मी वापरत नाही. ज्या टेबलाबद्दल मला खरंच काही दिसलं नाही, तिथे नुसती बडीशेप ठेवतो, हात जोडतो आणि निघतो. त्यात कमीपणा नाही.

बिलावर हाताने "धन्यवाद" लिहिण्याचाही प्रयोग झाला आहे, १९९५ मध्ये, आणि त्याने टिप वाढली होती. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात हसऱ्या चेहऱ्याचं चित्र काढून पाहिलं. वेट्रेसची टिप वाढली, पुरुष वेटरची नाही. लोकांना ते पुरुषाला शोभणारं वाटलं नसावं. मला विचाराल तर चित्र नको. छापील बिलाच्या पाठीमागे पेनाने दोन शब्द लिहा: "धन्यवाद. आजोबांना नमस्कार." अक्षर वाईट असलं तरी चालतं.

सुट्टे आणि फोन

रोख पैसे आले तर उरलेली रक्कम पूर्ण, रुपयासकट, प्लेटमध्ये परत आणा. "सुट्टे नाहीत" म्हणून दहा रुपये खिशात घालणारा वेटर त्या दहांत हॉटेलचं नाव विकतो. पण नोटा कशा आणायच्या हे तुमच्या हातात आहे. १४० परत द्यायचे असतील तर शंभराची एक आणि वीसच्या दोन आणण्यापेक्षा शंभर, एक वीस आणि दोन दहा आणा. द्यायची इच्छा असूनही हातात फक्त शंभराची नोट आहे म्हणून काहीच न ठेवता गेलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. प्लेट ठेवली की तिथे उभे राहू नका. पाठ करा आणि दुसऱ्या टेबलाकडे जा. नजर ठेवून उभ्या असलेल्या माणसासमोर देणाऱ्यालाही अवघड होतं.

आता निम्म्याहून जास्त लोक फोनने पैसे देतात आणि ते थेट मालकाच्या खात्यात जातात. टिपचं यात मोठं नुकसान झालं आहे, हे खरं आहे. काही गिऱ्हाइकं बिलात वाढवून भरतात आणि "हे यांना द्या" म्हणतात. असं झालं की त्याच क्षणी काउंटरवर सांगून वहीत टेबल नंबर आणि रक्कम लिहून घ्या, महिन्याच्या शेवटी आठवण काढून उपयोग नाही. स्वतःचा स्कॅनर टेबलावर ठेवणं किंवा दाखवणं मालकाच्या परवानगीशिवाय अजिबात नाही, नोकरी जाते. गिऱ्हाइकाने हून "तुमचा नंबर सांगा" म्हटलं तरी आधी कॅप्टनला विचारा.

हे करायचं नाही

१९८४ मध्ये अमेरिकेत क्रस्को आणि वेट्झेल यांचा एक प्रयोग गाजला. पैसे परत देताना वेट्रेसने हाताला किंवा खांद्याला हलका स्पर्श केला तर टिप वाढली. हे नेटवर सापडतं, म्हणून मुद्दाम सांगतो: आपल्याकडे हे करायचं नाही. बाईंना नाही, पुरुषांना नाही, गाल ओढून लेकरांना नाही. आणि वेटर मुलगी असेल तर तिने टिपसाठी कोणाचा स्पर्श सहन करायचा नाही. असं काही झालं तर ताबडतोब कॅप्टनला सांगायचं आणि टेबल बदलून घ्यायचं. मग त्या टेबलाचं बिल कितीही मोठं असो.

टेबलावरच्या गोष्टीत पडू नका. जोडप्यात भांडण चालू असेल तर पाणी भरा आणि निघा. मोठ्या आवाजात कोणी राजकारण बोलत असेल तर तुमचं मत खिशात ठेवा. आणि कपडे पाहून टेबल ओळखू नका. कॉटन मार्केटमधून माल उतरवून आलेला, मळक्या शर्टाचा माणूस मला एकदा ५० रुपये देऊन गेला, त्याच दुपारी मोठ्या गाडीतून आलेल्या सहा जणांनी काही ठेवलं नाही.

टिप नाही पडली तर

लिन यांच्या अभ्यासात एक निष्कर्ष पुन्हा पुन्हा येतो: सेवा किती चांगली होती आणि टिप किती पडली यांचं नातं फार कमकुवत आहे. मला हे वाचून हायसं वाटलं होतं. रिकामा फोल्डर उघडला की नवा पोरगा स्वतःला दोष देतो. पण त्या माणसाकडे सुट्टे नसतील, त्याला टिप द्यायची सवयच नसेल, किंवा महिनाअखेर असेल आणि पोराच्या वाढदिवसाला म्हणून कसंबसं बाहेर आणलं असेल. त्याला दारापर्यंत तसाच नमस्कार करा जसा शंभर देणाऱ्याला केला. तुमचं लक्ष एका टेबलाच्या फोल्डरकडे नको, महिन्याच्या बेरजेकडे असू द्या. आमच्याकडे जी पोरं वर लिहिलेलं मनापासून करतात त्यांची बेरीज दोन-तीन महिन्यांत हलते. त्याआधी क्वचित.

रात्रीचा हिशोब

डबा असेल तर तो सगळ्यांसमोर उघडा आणि एकाने मोजून दुसऱ्याने लिहा. माझं स्वतःचं मत असं की किचनचा वाटा असलाच पाहिजे. बिनमिरचीचं वरण मी टेबलावर सांगतो, पण करतो तो महाराज. आणि ज्या ग्लासला ओठ लागतो तो स्वच्छ घासतात त्या मागच्या मावशी. त्यांना हॉलमध्ये कोणी पाहत नाही, त्यांच्या हातात कधी कोणी दहाची नोट ठेवत नाही. आमच्याकडे वाटणी सुरू करताना आधी त्यांचा हिस्सा बाजूला काढतात, कारण त्यांची शेवटची बस लवकर असते आणि त्या थांबत नाहीत. तो हिस्सा कागदात गुंडाळून, वर नाव लिहून, भांड्यांच्या ओट्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत ठेवायचा. हे काम नव्या पोराचं.